बरगडीखालच्या दोन रेघा

३ नोव्हेंबर, सोमवार

सगळं बदललं ते आज सकाळी, अकराला दहा कमी असताना, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर. वेळ इतकी नेमकी माहीत आहे कारण समोर भिंतीवर घड्याळ होतं आणि घड्याळाखाली ती होती.

पालथा पडून लिहितोय. उताणं पडलं की पेन चालत नाही. कमरेत कुणी पाचर ठोकल्यासारखं दुखतंय आणि मी हसतोय. आई म्हणाली, पडल्यावर हसणारा पहिलाच बघते आहे.

क्रमाने लिहायला हवं, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

स्कॅन सेंटरच्या गाउनांची ऑर्डर आज कापायला घ्यायची होती. ही ऑर्डर आमच्या शिलाई कारखान्याची नाही, मालक असलेल्या मास्तरांची पण नाही — तिची, त्यांच्या धाकट्या लेकीची. ती स्वतः सेंटरमध्ये जाऊन बसली, त्यांची यादी घेऊन आली. कापड शुद्ध सुती. हूक नको, चेन नको, टिचबटण नको, धातूचा कणसुद्धा नको. बांधायला नुसत्या नाड्या. मास्तरांनी मागच्या आठवड्यात शिलाईच्या सगळ्या बायकांसमोर सांगून टाकलं की ही ऑर्डर पोरीनं एकटीनं पार पाडली की माझी कात्री तिची. तोपर्यंत वापरायला दिली आहे, फक्त वापरायला.

मास्तरांची कात्री म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. काळी, जडशीळ, अंगठ्याच्या कडीला चिंधी गुंडाळलेली. तीस वर्षांत दुसऱ्या कुणाचा हात तिला लागला नव्हता. आता मास्तरांचे हात थरथरतात, म्हणून. कात्री ज्याच्या हातात, कारखाना त्याचा. आणि तिला नाही जमलं तर मास्तर मोठ्या जावयाला बोलावणार. त्या जावयाला चादर आणि पडदा यातला फरक विचारला तर तो चहा मागवतो.

तर ती म्हणाली, "इंजिनिअर, गाउनचे दोन तागे काढून द्या."

कारखान्यात बाकी सगळे मला 'अर्धा इंजिनिअर' म्हणतात. दुसऱ्या वर्षाला सरांच्या अंगावर जर्नल फेकून कॉलेज सोडलं, त्याची ही पदवी! ती एकटीच 'अर्धा' गाळते. यातून मी काय काय अर्थ काढतो ते इथेसुद्धा लिहिणार नाही.

तागे सगळ्यात वरच्या फळीवर. एका वेळी एकच उतरवायचा असतो. मी दोन घेतले, दोन खांद्यांवर दोन. दोऱ्याला बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी एकाची नाकात जात होती, दुसऱ्याची कानात. ओढून काढल्या दोन्ही. मग खाली बघितलं. ती बघत होती! गळ्यात टेप, कानावर खडू, तोंड जरासं उघडं.

"अरे, एकेक आण ना. पडशील."

अरे! आण! पडशील! आठ महिने मी 'तुम्ही' होतो.

आणि पडलो. आधी तागे, त्यांच्यावर मी. कमरेत कट् झालं, स्पष्ट ऐकू आलं.

तीच गाडीत घालून घरी घेऊन आली. सबंध वाटेत माझ्या बाहीला लागलेली पांढरी खडूची भुकटी तेवढी झटकत होती, संपल्यावरसुद्धा.


४ नोव्हेंबर

कूस बदलता येत नाही. अरे.


७ नोव्हेंबर, शुक्रवार

ती आली होती! काजेवाल्या मावशींना बरोबर घेऊन. मावशी पलंगावर टेकल्या, ती स्टुलावर. स्टूल नेमकं खुंटीखाली आणि खुंटीला माझी सोमवारची पँट तशीच लोंबत होती, गुडघ्यावर धूळ. वाकता येत नाही म्हणून मी त्या दिवसापासून पायजम्यात आहे. लाजेनं मेलो.

साठ गाउन शिवून झाले. सोमवारी पहिली खेप सेंटरला जाणार. हे सांगताना तिची बोटं आपोआप कात्रीसारखी हलत होती. मावशी म्हणाल्या, अशी झपाट्यानं कापलीय पोरीनं, मास्तरांनाही इतकं जमलं नसतं.

आई समोर होती म्हणून असेल, परत 'तुम्ही' वर गेली. "लवकर बरे व्हा. शिडी विचारत होती तुम्हाला."

ती गेल्यावर आई म्हणाली, मुलगी चांगली आहे, पण तिच्याकडे बघताना तोंड मिटत जा.

तिला कापताना बघायला मी किती दिवस मुकणार? कापण्याआधी ती ताग्याचा कोपरा फाडते. मास्तरांचा नियम आहे तो, कितीही घाई असली तरी. कोपरा फाडायचा आणि आवाज ऐकायचा. सुती कापड कोरडं आणि सरळ फाटतं. आत दुसरं काही मिसळलेलं असलं की कुरकुरतं, अडतं. ती मान वाकडी करून, डोळे मिटून ऐकते. मला त्या कापडाचा हेवा वाटतो. हे वाचून कुणी हसलं तर हसो, वाचणार कोण आहे!


१२ नोव्हेंबर, बुधवार

डाव्या पायाची करंगळी बधिर. डॉक्टरांनी टाचणी टोचली, मी विचारलं, टोचलीत का? त्यांनी लगेच चिठ्ठी लिहिली. एमआरआय. कमरेचा.

बाबा संध्याकाळी म्हणाले, "दोन वर्षं इंजिनिअरिंग केलंस ते तागे उचलायला?" मी हाताला लागलं ते फेकलं. उशी लागली. उशी भिंतीपर्यंत पण गेली नाही आणि माझ्याच कमरेत कळ आली. मग उठून आतल्या खोलीत गेलो आणि दार आपटलं. ते मात्र जमलं.

बाहेरून बाबा म्हणाले, या घरातलं एक दार तुझ्यामुळे तीनदा बसवलंय.


१७ नोव्हेंबर, सोमवार

काय झालं आज? मला कळत नाहीये. लिहून तरी कळेल म्हणून लिहितो.

तेच सेंटर निघालं. तिचंच! काउंटरवर नाव सांगितलं, किल्ल्या, घड्याळ, मोबाईल सगळं एका खणात ठेवायला लावलं. मशीन चालवणाऱ्या माणसानं कागदावर बघून प्रश्न विचारले. शरीरात कुठे स्क्रू आहे का? पट्टी? छर्रा? मी सगळ्याला नाही. कपड्यात धातू? मग तोच हसला आणि म्हणाला, कपडे तर आता आमचेच घालायचेत, नवे कोरे आलेत. आणि घडी केलेला निळा गाउन हातात दिला.

नाडी बांधताना ओळखलं. टोकाला तिरपी शिवण, दोनदा मागे-पुढे. बाकीच्या बायका सरळ घालतात. ही नाडी तिनं स्वतः लावलेली. कपडे बदलायच्या त्या एवढ्याशा खोलीत मी ती नाडी किती वेळ धरून उभा होतो कोण जाणे. बाहेरून त्यानं दार वाजवलं.

आतली खोली बर्फासारखी. फळीवर झोपवलं, कानात कापूस, वरून हेडफोन, हातात रबरी फुगा. काही झालं तर दाबा म्हणाला. फळी आत सरकली. छत नाकापासून चार बोटांवर. मग सुरू झाला आवाज — आधी दाराची कडी वाजवल्यासारखा, मग कुणी शेजारी फरशी फोडतंय असा.

पहिली काही मिनिटं गार. मग पाठीखाली ऊब आली. छान वाटलं, खरं सांगतो. मनात आलं, हा गाउन तिनं मांडीवर घेऊन शिवलाय. ऊब तिथलीच. मूर्खासारखा आतल्या आत हसलो, कारण हलायचं नव्हतं.

मग ती ऊब वाढायला लागली.

डाव्या बाजूला बरगडीखाली गाउनची चुणी दबली होती, वरून कोपर. तिथे इस्त्रीची कड टेकवल्यासारखं. आधी टेकवली आणि उचलली, टेकवली आणि उचलली — आवाजाच्या तालावर! आवाज थांबला की कमी, सुरू झाला की परत. कपाळावरचा घाम कानात उतरला. एवढ्या गार खोलीत!

फुगा हातात होता. दाबायचा फक्त. का दाबला नाही?

दाबला असता तर बाहेर काढलं असतं आणि स्कॅन अर्ध्यात सुटला असता. अर्धं कॉलेज, अर्धा इंजिनिअर, आता अर्धा स्कॅन. बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. म्हटलं, एक गोष्ट तरी पुरी करू. आणि मला खात्री पण नव्हती. सगळे लहानपणापासून सांगतात, तू पटकन तापतोस. शाळेतल्या बाई, प्राचार्य, बाबा. म्हटलं, असेल, मीच तापलो असेन. भीती असेल. तिच्या विचारानं असेल. कशावरून कपड्यातनं येतंय आणि माझ्यातनं नाही?

शेवटी दाबला. इच्छेनं नाही, बोटंच आवळली.

कानात त्याचा आवाज आला, शांत, रोज शंभरदा बोलणाऱ्या माणसाचा. "थोडी ऊब वाटतेच सगळ्यांना. चारच मिनिटं राहिलीत. हलू नका."

चार मिनिटं. दात आवळून.

बाहेर आल्यावर त्याला दाखवलं. बरगडीखाली दोन बारीक लाल रेघा. एकीपासून दुसरी बोटभर लांब. पट्टी लावून आखल्यासारख्या सरळ. त्यानं वाकून बघितलं, म्हणाला, गाउनची घडी रुतली असेल. घाबरल्यावर माणूस अंग घट्ट धरतो, मग असं होतं.

घाबरलो होतो का? असेन. पण घडी कधी सरळ रुतते?


१८ नोव्हेंबर, मंगळवार

रेघा आहेत. एकीवर बारीक फोड.

आईनं ओल्या फडक्याची घडी ठेवली. बाबांनी रिपोर्ट वाचला: मणका थोडा सरकलाय, ऑपरेशन नको, पडून राहायचं, थोडं चालायचं. फोडाबद्दल सांगितलं तर म्हणाले, यंत्रात घातलं तरी तू गरमच व्हायचास!

सगळे हसले. मीही हसलो. पण हात तिथेच जातोय सारखा.


१९ नोव्हेंबर

एक धरलं तर दुसरं सुटतं.

सेंटरवाला म्हणतो, भीती. भीतीनं फोड येतो का? बरं, मशीनचा दोष म्हणावा तर सबंध पाठ भाजायला हवी होती, दोनच रेघा का? आणि सुती कापड तापत नाही, एवढं तर अर्ध्या इंजिनिअरलाही कळतं. तिनं सुती कापडच आणलं होतं, मी बिल बघितलंय, हात लावून बघितलंय.

मग मी ताप कल्पनेत काढला आणि फोड खरा आला?

डोकं भणभणतंय. आईनं विचारलं, काय झालंय? म्हटलं, काही नाही. जरा जोरातच म्हटलं.


२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी आरशासमोर शर्ट वर करून उभा होतो. बोटभर अंतर. सरळ. कुठे बघितल्यात या रेघा मी?

कोटांवर!

गेल्या महिन्यात इलेक्ट्रॉनिकच्या एका कंपनीचे कोट शिवले आम्ही. त्यांच्या कापडात बोटाबोटावर एकेक बारीक पोलादी धागा विणलेला असतो, कामगाराच्या अंगावर वीज साठून त्यांचे नाजूक भाग जळू नयेत म्हणून. नुसतं बघून कळत नाही. उजेडासमोर धरलं की पुसट रेघा दिसतात. रंग निळा. अगदी गाउनसारखा. दोन तागे उरले होते, वरच्या फळीवरच.

माळ्यावरची कॉलेजची पेटी आईकडून काढून घेतली. आत मीटर होता, काट्याचा, दोन वायरींचा. सेल बदलले. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं. चालत कारखान्यात गेलो, हळूहळू, भिंतीला धरून. जेवणाच्या सुट्टीत. बायका मागच्या अंगणात डबे उघडून बसल्या होत्या. कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांची टोपली. त्यातली गाउनची चिंधी काढली, तिच्या कडेनं दोन्ही वायरी टेकवल्या.

काटा हलला.

दुसरी चिंधी. हलला. तिसरी. दहा वेळा बघितलं. वायरी माझ्या शर्टाला टेकवल्या, काटा ढिम्म. चिंधीला टेकवल्या, काटा उठून उभा.

म्हणजे मला झालं ते खरं होतं! एक क्षण इतका आनंद झाला की लाज वाटावी. मी भित्रा नाही. मी तापलो नव्हतो. गाउन तापला होता.

आणि लगेच दुसरं कळलं. तिनं चुकीचं कापड कापलं. साठ गाउन. त्यांच्या यादीत 'धातूचा कणसुद्धा नको' असं लिहिलेलं असताना. तिनं कोपरा फाडला असता तर तिच्या कानाला कळलंच असतं. नसणार फाडला. का? ती? जी डोळे मिटून ऐकते?

सांगितलं तर कात्री गेली. तिची. नाही सांगितलं तर उद्या कुणीतरी तो गाउन घालून आत जाणार आणि कानात आवाज येणार, थोडी ऊब वाटतेच.

सांगायलाच हवं. पण तिला एकटीला, उद्या सकाळी, हळू आवाजात. तीच मास्तरांना सांगेल, तिच्या पद्धतीनं. ओरडायचं नाही. शपथ.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ओरडलो.

ती टेबलावर वाकून त्याच ताग्यांच्या कापडावर खडूनं रेघ मारत होती, दुसऱ्या खेपेची. मला बघून चेहरा फुलला तिचा. हे मी बघितलंय, हे कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. मी शर्टाची बाजू वर केली आणि विचारलं, "कोपरा फाडला होतास?"

पहिल्यांदा तिला 'अगं-तुगं' केलं, ते असं.

तिनं खडू खाली ठेवला. टेबलावरचं कापड चिमटीत धरलं. मग म्हणाली, "ताग्यांना चिठ्ठ्या नव्हत्या."

तिथेच माझं डोकं फिरलं. चूक झाली म्हणाली असती, रडली असती, मला शिव्या दिल्या असत्या तरी मी गप्प बसलो असतो. पण चिठ्ठी! मी भाजून आलोय आणि ही चिठ्ठीचं कारण सांगतेय! मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. "माणसं भाजतायत तिथे!" हे नक्की बोललो, कारण त्यानंतर सगळ्या मशीनी एकदम बंद झाल्या. कारखाना कामाच्या वेळात असा गप्प झालेला मी कधी ऐकला नव्हता. आतल्या खोलीतून मास्तर बाहेर आले.

मी टेबलावर मीटर ठेवला. मास्तरांसमोर कापडाला वायरी टेकवल्या. काटा उठला.

तिनं काट्याकडे एकदा बघितलं आणि फोनकडे गेली. वडलांना विचारलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. सेंटरला सांगितलं की आमचे निळे गाउन आत्तापासून कुणाला घालू देऊ नका, चूक आमची आहे, मी स्वतः न्यायला येते. पलीकडचं बराच वेळ ऐकत राहिली. मग फोन ठेवून म्हणाली, आणखी दोघांनी तक्रार केली होती. एका आजींची कंबर लाल झाली. त्यांनाही सांगितलं, घाबरलात.

म्हणजे सांगितलं ते बरंच झालं ना? झालंच. मग मला असं का वाटत होतं की मी काहीतरी चोरून आणलंय?

मास्तरांनी हात पुढे केला. थरथरता. एवढंच म्हणाले, "कात्री."

तिनं आधी पाती फडक्यानं पुसली. मग उलटी धरून, मूठ त्यांच्याकडे करून दिली.

मास्तर म्हणाले, जावयाला निरोप धाडतो, सोमवारी दहाला येऊन ताबा घे म्हणून. शिलाईच्या बायका माना खाली घालून बसल्या. मी बाहेर पडत होतो तेव्हा ती दाराशी होती, गाडीत बसायला निघालेली. म्हणाली, "बरोबर होतात तुम्ही, इंजिनिअर."

तुम्ही.


२२ नोव्हेंबर, शनिवार

काजेवाल्या मावशी घरी जाताना वाकडी वाट करून आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्यावरच. म्हणाल्या, तुला एक सांगायचंय, मग तुझं तू बघ.

त्या दिवशी मला घरी सोडून ती परत आली ती सरळ कामालाच लागली म्हणे. तागे जमिनीवरच पडले होते, मी पाडले तसे. तिनं एकटीनं उचलून टेबलावर घेतले. मावशी म्हणाल्या, अगं, कोपरा फाड. तर ती म्हणाली, "त्यानं काढून दिलेत ना, बरोबरच असतील." आणि कापायला लागली. सबंध दिवस मान वर केली नाही.

मावशी म्हणाल्या, "भरवसा टाकला तो नेमका तुझ्यावर. आणि तू चारचौघांत तिची शोभा केलीस."

मी म्हटलं, मग यात माझा काय दोष? भरवशाचं मला कुणी सांगितलं होतं का? आणि मी तर बरोबरच तागे दिले होते!

मावशी उंबऱ्यावरून उतरल्या. मग चप्पल घातली आणि गेल्या.


२३ नोव्हेंबर

बरोबरच दिले होते.

दिले असणार. फळीवर उजवीकडे गाउनचे, डावीकडे कोटांचे. की उलट? मी शिडी कुठल्या बाजूला लावली होती? डोळे मिटून दहा वेळा चढलो त्या शिडीवर. दर वेळी फळी दिसते, निळं दिसतं, आणि मग खाली ती दिसते. गळ्यात टेप, कानावर खडू. पुढचं सगळं पुसलेलं. एवढा नेमका क्षण, मिनिटासकट पाठ आहे. आणि त्यात मी काय उचललं तेवढंच आठवत नाही!

ती म्हणाली चिठ्ठ्या नव्हत्या. प्रत्येक ताग्याला असते. ती स्वतः लिहून बांधते. मग गेल्या कुठे? खोटं बोलली? ती खोटं बोलत नाही. फोनवर 'चूक आमची' म्हणाली, तेव्हासुद्धा 'आमची' म्हणाली.

सेंटरची ऑर्डर गेली. जावई उद्या दहाला येणार.

रेघा फिकट व्हायला लागल्यात. मला त्या जायला नको आहेत, का कोण जाणे.


२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ

आईनं खुंटीवरची पँट धुवायला काढली. मी खोलीतच होतो. खिशात हात घालून ती म्हणाली, कसले पुठ्ठे भरून ठेवलेस हे?

दोन चिठ्ठ्या. दोरे तुटलेले. नाकात जात होती ती आणि कानात जात होती ती.

दोन्हीवर तिचं ठसठशीत अक्षर. 'कोटाचं कापड. आत पोलादी धागा. दुसऱ्या कशालाही वापरायचं नाही.'

आई आत गेली. गॅस चालू आहे, इथून दिसतोय. पुठ्ठ्याला जळायला किती वेळ लागतो! मी हात लांबसुद्धा केला होता. दुसऱ्या कुणाला कधी कळलं नसतं.

नऊ वाजून वीस मिनिटं. चालत गेलो तर दहाच्या आत पोचतो. चिठ्ठ्या मास्तरांच्या हातात द्यायच्या, सगळ्या बायकांसमोर, जिथे ओरडलो त्याच जागी उभं राहून. कात्री तिची आहे. माझ्याशी बोलली नाही तरी तिची आहे. चिठ्ठ्या वरच्या खिशात ठेवल्यात. वही इथेच राहू दे.

दार आज आपटत नाही. नुसतं ओढून घेतो.